‘ग्रॅफाइट टाका, तेल विसरा’ हा मेसेज पुढं पाठवायच्या आधी हे वाचा

गेले काही दिवस एक मेसेज फिरतोय, शेतकऱ्यांच्या ग्रुपवर, गावाच्या ग्रुपवर, पाहुण्यारावळ्यांच्या ग्रुपवर, सगळीकडं. मी वाचून सोडून दिला होता, असले रोज दहा येतात. पण परवा मामांचा फोन आला. अंबाजोगाईजवळ त्यांचं वावर आहे, डुकरांपायी पीक राखायला म्हणून आजोबांच्या काळापासून घरात लायसन्सची बारा बोर दुनळी आहे. मामा म्हणाले, "पोरी, तू मशिनीतली हाइस म्हणून इचारतो, टॉर्चचा जुना सेल फोडलाय, काळी पूड निघाली चांगली वाटीभर, ती घोड्याच्या खाचंत टाकायची का कब्ज्यात?" अजून टाकली नव्हती, नशीब. मी वाळूजला मेंटेनन्सला आहे, बेअरिंग, चेन, गाइड आणि वंगण हेच रोजचं काम, आणि ज्यानं कुणी हा मेसेज लिहिलाय त्यानं एकही मशीन उघडून बघितलेलं नाही हे मला वाचतानाच कळलं होतं. तेव्हाच लिहायला पाहिजे होतं कुणीतरी. आता मी लिहिते.

मेसेजमध्ये काय आहे ते थोडक्यात सांगते, ज्यांना आला नसेल त्यांच्यासाठी. तेलाला धूळ चिकटते म्हणून बंदुकीला तेल लावूच नका, नळीपासून घोड्यापर्यंत ग्रॅफाइट पावडर लावा. पावडर विकत आणायची गरज नाही, टॉर्चचा जुना सेल फोडा नाहीतर पेन्सिल किसा. नळीत ओढली की छर्रा लांब जातो. एकदा लावली की आयुष्यभर बघायला नको, नासा अंतराळात हेच वापरतं. गंज लागत नाही. बंदूकच कशाला, बोअरच्या मोटारीचा स्टार्टर, घरातले बटणं, पंखा, मळणी यंत्राचं बेअरिंग, शिलाई मशीन, कुलूप, सगळ्याला हेच. आणि खाली नेहमीचं, जास्तीत जास्त शेतकरी बांधवांपर्यंत पोचवा.

सेलपासून सुरू करते कारण सगळ्यात जास्त संताप त्याचाच आला.

टॉर्चच्या साध्या सेलमध्ये जी काळी पूड असते तिच्यात ग्रॅफाइट नावालाच असतं. मधला जो काळा दांडा असतो तो कार्बनचा, खरंय. पण त्याच्या भोवतीचा मसाला म्हणजे मुख्यतः मँगनीज डायऑक्साइड, त्यात थोडी कार्बनची काजळी, आणि हे सगळं नवसागराच्या नाहीतर झिंक क्लोराइडच्या पाण्यात कालवलेलं. नवसागर म्हणजे काय हे ज्यांच्या घरी तांब्या-पितळेची भांडी आहेत त्यांना सांगायला नको. कल्हईवाला भांडं तापवून त्यावर नवसागर टाकतो, पांढरा धूर निघतो आणि धातूवरचा सगळा काळा थर खाल्ला जातो, म्हणून तर कथील चिकटतं. धातूचं अंग खाऊन उघडं करणं हेच त्याचं काम. ते तुम्ही बंदुकीच्या घोड्यात, स्प्रिंगमध्ये, जिथं हात पोचत नाही, फडकं पोचत नाही अशा खाचेत नेऊन ठेवणार, आणि वरून पावसाळ्याची हवा लागणार. क्लोराइडचं मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं, त्यामुळे ते खाली कोरडं राहतच नाही. आठ दिवसांत लाल गंज धरायला सुरुवात होईल आणि बाहेरून दिसणारही नाही.

ज्याला खात्री पटत नाही त्यानं घरातला एखादा जुना टॉर्च उघडून बघावा, ज्यात सेल विसरून राहिलाय आणि फुटलाय. बुडाची स्प्रिंग बघा. पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड आणि स्प्रिंगची तार अर्धी झालेली, हात लावला की मोडते. ती स्प्रिंग ज्यानं खाल्ली तीच ही पूड. आणि सेल चालतो तोसुद्धा कशावर? बाहेरचं जस्ताचं डबडं झिजत जातं तेव्हा वीज निघते, कार्बनचा दांडा मात्र शेवटपर्यंत जसाच्या तसा. ही गोष्ट लक्षात ठेवा, गंजाच्या मुद्द्याला परत लागणार आहे.

मँगनीज डायऑक्साइड हे वंगण नाहीच. जमिनीतून निघतं तेव्हा त्याचे चांगले स्फटिक काचेइतके कडक असतात. शिवाय ती धूळ नाकातोंडात जात राहिली तर मेंदू आणि नसांवर परिणाम होतो, मँगनीजच्या खाणीत आणि कारखान्यात काम करणाऱ्यांमध्ये हा आजार माहितीतला आहे. आणि सेल अल्कलाइन असेल तर आत पोटॅशियम हायड्रॉक्साइड असतं, कॉस्टिक सोड्याच्या जातीचं, हातोडीनं फोडताना एक थेंब डोळ्यात उडाला तर डोळा जाऊ शकतो. लहान पोरं बघत बसलेली असतात बाजूला. एवढं सगळं कशासाठी, तर वंगणाच्या डबीचे पैसे वाचवायला.

पेन्सिलचंही तेच. पेन्सिलीचं शिसं म्हणजे निव्वळ ग्रॅफाइट नसतं, १७९५ साली कोंते नावाच्या फ्रेंच माणसानं ग्रॅफाइटमध्ये चिकणमाती कालवून भाजायची पद्धत काढली आणि आजही तसंच बनतं. एचबी पेन्सिलीत साधारण चौथा हिस्सा तरी भाजलेली माती असते. म्हणजे बंदुकीच्या घासत्या भागात तुम्ही हातानं माती घालताय, आणि मेसेजची सुरुवातच मुळी धूळ नको म्हणून झालेली.

आता नासा. मामांनी पण मला हेच ऐकवलं, "अगं नासावाले येडे हाइत का?" येडे नाहीत, म्हणूनच ते अंतराळात उघडं ग्रॅफाइट वापरत नाहीत. ग्रॅफाइट कार्बनच्या पापुद्र्यांचं असतं, पापुद्रे एकमेकांवरून सरकतात म्हणून ते बोटाला गुळगुळीत लागतं, इथपर्यंत शाळेत शिकवतात. पुढचं कुणी सांगत नाही की ते सरकणं हवेतल्या ओलाव्यावर अवलंबून आहे. दुसऱ्या महायुद्धात विमानं जास्त उंचीवर उडायला लागली, तेव्हा त्यांच्या जनरेटरचे कार्बन ब्रश, जे जमिनीवर महिनोन्‌महिने टिकायचे, ते वर गेल्यावर फार झपाट्यानं झिजून भुगा व्हायला लागले. शोधल्यावर कळलं की वरच्या विरळ कोरड्या हवेत पाण्याची वाफ नाही, आणि वाफेशिवाय ग्रॅफाइट सरकतच नाही, उलट घासतं. निर्वात पोकळीत तर प्रश्नच नाही. तिथं वापरतात ते मॉलिब्डेनम डायसल्फाइड, ज्याला आपल्याकडं दुकानात नुसतं मोली म्हणतात. त्याचं वागणं बरोबर उलटं, त्याला ओलावा चालत नाही, कोरड्यात आणि पोकळीत ते उत्तम चालतं. दोन्ही काळे, दोन्ही बोटाला चिकटणारे, पण एकाच्या जागी दुसरं चालत नाही.

आणि "आयुष्यभर" या शब्दाबद्दल नासाचंच उदाहरण देते, कारण कोरड्या वंगणाबद्दल यापेक्षा महागाचा धडा मला माहीत नाही. गॅलिलिओ नावाचं यान १९८९ च्या ऑक्टोबरमध्ये गुरूकडं सोडलं. त्याला छत्रीसारखा उघडणारा मोठा अँटेना होता, ४.८ मीटरचा, १८ काड्यांचा. काड्या मिटलेल्या ठेवायला पिना होत्या आणि त्या पिनांवर मोलीचा कोरडा थर दिलेला होता. १९९१ च्या एप्रिलमध्ये अँटेना उघडायचा हुकूम दिला आणि काही काड्या पिनांना धरूनच बसल्या, छत्री अर्धवट उघडून अडकली, ती शेवटपर्यंत सरळ झालीच नाही. चौकशीत काय निघालं? १९८६ ला चॅलेंजर शटलचा अपघात झाला म्हणून हे उड्डाण काही वर्षं लांबलं, तेवढ्या काळात तो अँटेना कॅलिफोर्नियातून फ्लोरिडाला, परत कॅलिफोर्नियाला, परत फ्लोरिडाला असा ट्रकमधून हजारो किलोमीटर फिरला, आणि त्या खडखडाटात पिनांवरचा कोरडा थर घासून उडाला. पुढं पोकळीत धातूला धातू लागला आणि जाम. ज्या अँटेनातून सेकंदाला १ लाख ३४ हजार बिट यायचे होते, तिथं छोट्या अँटेनावरून शंभर-दीडशेवर भागवावं लागलं.

यातून शेतकऱ्यानं काय घ्यायचं ते एवढंच की कोरडा थर घासला गेला की गेला. तेल आजूबाजूनं परत वाहून येतं, ग्रीस थोडं तरी ढकललं जाऊन परत जागेवर येतं, कोरडा थर परत येत नाही. अमेरिकेतल्या स्वच्छ खोलीत, पृष्ठभाग तयार करून, नीट चिकटवलेला थर ट्रकच्या हादऱ्यानं गेला, आणि तुम्ही चिमटीनं भुरभुरलेली पावडर आयुष्यभर टिकणार? ती तर चिकटलेलीच नसते. खरा कोरडा थर द्यायचा तर भाग आधी पूर्ण तेलमुक्त करावा लागतो, अॅसिटोननं किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलनं, मग फॉस्फेटचा थर देऊन किंवा बारीक कणांचा मारा (ब्लास्टिंग) करून पृष्ठभाग किंचित खरबरीत करायचा, मग राळेत कालवलेलं मोली पातळ फवारायचं, मायक्रॉनमध्ये मोजण्याइतकं, आणि बहुतेक प्रकार भट्टीत भाजून पक्के करायचे. जिथं हे करतात तिथंही तपासणीची तारीख ठरलेली असते.

आता ज्यानं माणूस मरेल तो मुद्दा.

बोअरचा स्टार्टर घरघर करत असेल तर कॉन्टॅक्टरवर, म्हणजे आतल्या वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या भागावर, ग्रॅफाइट टाका, घरातलं बटण चटचट करत असेल तर त्यात टाका, असं मेसेजमध्ये सरळ लिहिलंय. ग्रॅफाइटमधून वीज जाते! मोटारीचे ब्रश कार्बनचे का असतात, वीज जावी म्हणूनच ना. बोअरच्या पेटीत तीन फेज, दोन फेजमध्ये ४१५ व्होल्ट, मधलं अंतर बोटभर. तिथं ही पूड उडाली की फेजला फेज मिळतो, पेटीतच जाळ होतो. नाहीच मिळाला तरी बेकेलाइटवर, म्हणजे वीज अडवणाऱ्या कडक प्लास्टिकवर, काळा पट्टा तयार होतो, त्यातून वीज झिरपत राहते, पेटीच्या पत्र्यापर्यंत येते. आणि आमच्याकडं शेतीची लाइट बऱ्याचदा येते रात्री. रात्री दोन वाजता माणूस ओल्या वाफ्यातून अनवाणी जाऊन त्या पत्र्याच्या पेटीचं झाकण उघडतो. यापुढं मला काही लिहायची इच्छा नाही, तुम्हीच विचार करा.

स्टार्टर घरघरतो ते वंगण कमी पडलं म्हणून नाही. व्होल्टेज कमी असतं, नाहीतर मॅग्नेटच्या तोंडावर धूळ-गंज बसलेला असतो, नाहीतर मॅग्नेटमधली तांब्याची रिंग तुटलेली असते. मेन बंद करून, टेस्टरनं तपासून, कोरड्या फडक्यानं मॅग्नेटची तोंडं पुसायची, नाही थांबलं तर वायरमन बोलवायचा. चटचटणारं बटण बदलायचं, त्याला इलाज नसतो. पंख्याच्या वाइंडिंगजवळ तर कुठलीच पूड नको.

गंज लागत नाही म्हणे. मघाशी सेलमधलं जस्त लक्षात ठेवायला सांगितलं ते यासाठी. दोन वेगळे वाहक पदार्थ एकमेकांना लागले आणि मध्ये ओलावा आला की त्यातला एक खाल्ला जातो. कोण किती टिकून राहतं या क्रमवारीत ग्रॅफाइट पार वरच्या टोकाला, प्लॅटिनमच्या शेजारी बसतं, लोखंड आणि अॅल्युमिनियम बरंच खाली. म्हणजे ग्रॅफाइट आणि पोलाद एकत्र भिजले तर पोलादच जाणार, आणि अॅल्युमिनियमची बॉडी असेल तर तिचं जास्तच वाईट. जून ते सप्टेंबर आपल्याकडं घरातल्या भिंतीसुद्धा घाम सोडतात. त्यात निवडणूक लागली की बऱ्याचदा बंदूक ठाण्यात जमा करावी लागते, तिथं ती महिना-दोन महिने बाकीच्यांच्या ढिगात तशीच पडून असते, कोण तिथं फडकं मारणार. जमा करायच्या आधी नळीत आणि बाहेरून पातळ तेलाचा हात फिरवलेला असेल तर ती नीट परत येते, नुसती पावडर लावून दिली तर काय परत येईल ते मला सांगायला नको. कुठलंही कोरडं वंगण, टेफ्लॉन घ्या, मोली घ्या, गंज थांबवणं हे त्याचं मुख्य काम नसतं, ज्यात वेगळी गंजरोधक रसायनं घातलेली असतात तेवढीच थोडंफार थांबवतात.

धुळीचा मुद्दा मात्र अर्धा खरा आहे, कबूल करते. आपली काळी माती उन्हाळ्यात पिठासारखी होते, आणि बदाबदा तेल घातलेल्या बंदुकीत ती बसून काळा चिखल होतो, घोडा जड होतो, काडतुसाच्या बुडाला ठोकणारी फायरिंग पिन अडते. पण लोकांनी तेल म्हणून काय काय घातलेलं असतं तेही बघा. अर्ध्या घरांमध्ये खोबरेल. खोबरेल २४ अंशांच्या आसपास थिजतं, आणि डिसेंबरात आपल्याकडं रात्री पारा १० पर्यंत उतरतो, मग घोडा अडणार नाही तर काय होईल. गोडेतेल घालणारेही आहेत, ते हवेनं चिकट होऊन वार्निशसारखं वाळतं. दोष या तेलांचा आणि हात सैल सुटण्याचा, पातळ खनिज तेलाचा नाही. बंदुकीचं तेल मिळालं तर उत्तम, नाही तर शिलाई मशीनचं पातळ तेल चालतं, थेंब टाकायचा आणि फडक्यानं जवळजवळ सगळा पुसून काढायचा, बोटाला ओलसर लागेल पण दिसणार नाही इतकाच ठेवायचा. दुनळीच्या कब्ज्याच्या पिनेला, जिथं काडतूस भरायला नळ्या वाकवून उघडतात तिथं, किंचित मोलीवालं ग्रीस, कारण तिथं दाब जास्त आणि हालचाल कमी.

कोरडं वंगण बंदुकीत जिथं खरंच शोभतं ती जागा म्हणजे फायरिंग पिनेचं भोक. तिथं तेल साठून घट्ट होतं, म्हणून ते कोरडं ठेवणंच चांगलं, आणि काही लावायचंच तर चांगल्या कंपनीचा टेफ्लॉनचा किंवा मोलीचा कोरडा स्प्रे, आधी जुनं तेल पूर्ण धुऊन. तेलावर कोरडा स्प्रे मारला तर तो चिकटत नाही आणि नंतर वरून तेल सोडलं तर लेप होतो, दोन्ही एकत्र करायचंच नाही. टेफ्लॉनचा स्प्रे हाताळल्यावर हात धुतल्याशिवाय बिडी-सिगरेट पेटवू नका, बोटावरचं टेफ्लॉन बिडीच्या आचेत जळून त्याचा धूर छातीत गेला तर तापासारखी कणकण भरते, त्याला तसं नावच आहे वैद्यकात. आणि हे सगळं बंदूक रिकामी असल्याची दोनदा खात्री करूनच, काडतुसं दुसऱ्या खोलीत.

नळीत पावडर ओढली की छर्रा लांब जातो, हे खोटं आहे. नळी आणि चेंबर बार काढताना स्वच्छ आणि कोरडेच पाहिजेत, ठेवताना लावलेलं तेलसुद्धा वापरायच्या आधी गजाला चिंधी लावून पुसून काढायचं. चेंबर गुळगुळीत झालं तर काडतूस भिंतीला धरत नाही आणि मागं जास्त जोर येतो, नळीत काही गोळा होऊन अडलं तर नळी फुगते नाहीतर फुटते, डावा हात बरोबर तिथंच असतो.

मळणी यंत्राचं बेअरिंग. डिझेलनं धुऊन पावडर भरा म्हणे. त्या बेअरिंगच्या गोळ्या तेलाच्या पातळ पापुद्र्यावर फिरतात, ग्रीस ते तेल सोडत राहतं आणि वरून भुसा-धूळ आत येऊ देत नाही. पावडर यातलं काहीच करत नाही. हंगामात दिवसभर चालणारं यूसीपी ब्लॉकचं, म्हणजे बोल्टनं बसवायच्या लोखंडी घरातलं बेअरिंग असं कोरडं फिरवलं तर ते लालबुंद होणार आणि आजूबाजूला सोयाबीनचा वाळलेला भुसा असतो. ग्रीस गन मारा, निप्पल त्यासाठीच दिलंय.

शिलाई मशीनला मशीनचंच तेल, पूड घातली तर कापडावर काळे डाग पडतील, संपला विषय. सायकलच्या चेनला मेणाचं कोरडं वंगण धुळीत चांगलं चालतं, ते ग्रॅफाइट नव्हे.

कुलपाचं बरोबर आहे. कुलपात ग्रॅफाइट चालतं, जुने कारागीर वापरतात, धूळ धरत नाही. पण सेलमधलं नाही, डबीतलं, चिमूटभर, आणि ज्या कुलपात आधी कधी तेल सोडलंय त्यात नको, गोळे होतात. न्यूमॅटिक, म्हणजे हवेच्या दाबावर चालणाऱ्या पेरणी यंत्राच्या पेटीत बियाण्याला टाल्क आणि ग्रॅफाइटचं मिश्रण लावतात तेही खरं आहे, बी सुटं पडावं म्हणून, यंत्राच्या कंपनीनं पुस्तिकेत सांगितलं असेल तेवढंच आणि तोंडाला रुमाल बांधून.

ज्यांनी सेलची पूड आधीच बंदुकीत टाकलीय त्यांच्यासाठी. रॉकेलनं किंवा पेट्रोलनं धुऊन ती जाणार नाही, कारण नवसागर आणि झिंक क्लोराइड ही मिठं आहेत, ती तेलात विरघळत नाहीत, पाण्यात विरघळतात. लोक रॉकेलनं धुतात, काळं निघून जातं, स्वच्छ दिसतं, आणि मीठ आतच राहतं. बंदूक रिकामी करून नळ्या वेगळ्या काढा, जिथं पूड लागलीय तो लोखंडी भाग गरम पाण्यानं भरपूर धुवा, लाकडी दस्त्याला पाणी लागू देऊ नका, मग कडक उन्हात किंवा गरम हवेनं पूर्ण वाळवा आणि वाळल्याबरोबर, उद्यावर न टाकता, पातळ तेल द्या. घोड्याच्या आतल्या मशिनीत गेली असेल तर स्वतः उघडू नका, लायसन्सवाल्या बंदूक दुरुस्ती करणाऱ्याकडं न्या आणि सेलची पूड टाकली होती हे त्याला स्पष्ट सांगा, लाजू नका, नाहीतर तोही रॉकेलनंच धुऊन देईल. स्टार्टरमध्ये किंवा बटणात टाकली असेल तर तोंडानं फुंकू नका, पुसायलाही जाऊ नका, मेन पाडा, बटण बदला, आणि पेटी वायरमननं उघडून साफ केल्याशिवाय मोटार चालू करू नका, एक पाणीपाळी चुकली तर चुकू द्या.